इंग्रजीतला अबोला

लेस्टरमध्ये सुमेधा ज्यांच्या घरी भाड्याने राहायची, त्या दोघी बहिणी एका दमात दोन भाषा बोलायच्या. जन्म आफ्रिकेतल्या इक्वेटोरियल गिनीतला, म्हणून स्पॅनिश. पुढे गॅबनमध्ये संसार झाले, म्हणून फ्रेंच. थोरली सेलेस्तिना स्पॅनिशमध्ये करवादायला लागली की धाकटी अम्पारो फ्रेंचमध्ये तिची समजूत काढायची आणि थोड्या वेळात दोघी हसत असायच्या. सुमेधाला त्यातलं अक्षर कळत नसे, पण त्या कलकलाटाशिवाय करमतही नसे. हॉस्पिटलमधून थकून येणाऱ्या एकट्या डॉक्टरीणबाईला तेवढंच घर होतं.

त्या रविवारी मात्र स्वयंपाकघरात शुद्ध इंग्रजी चालू होतं, तेही सुमेधामार्फत. बहिणीला सांग, चहा झालाय. तिला सांग, मला नको. चर्चच्या जेवणात सेलेस्तिनाने केलेल्या शेंगदाण्याच्या रश्श्याची तारीफ झाली होती आणि अम्पारोने ती खुशाल स्वतःच्या पदरात पाडून घेतली होती. एवढंसं कारण, पण अम्पारोची बॅग भरून दारात उभी होती. दुपारी तिचा मुलगा तिला कायमची कॉव्हेंट्रीला न्यायला येणार होता.

हा अबोला तिने लगेच ओळखला. साताऱ्याला आईबाबांचं बिनसलं की, "ह्यांना सांग, पान वाढलंय," असे निरोप तिच्याच हाती असायचे. निरोप चोख पोचतात तोवर अबोला मजेत चालतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सेलेस्तिना खिडकीकडे बघत म्हणाली, तिला सांग, खुशाल जा. सुमेधाने अम्पारोकडे वळून भलताच निरोप दिला, तोही चक्क मराठीत.

"मावशी, तुम्ही गेलात तर मोठ्या मावशींना करमायचं नाही. पण कमीपणा कसा घेणार?"

अम्पारो गोंधळली. इंग्रजीत सांग, म्हणाली. सुमेधाने तेच पुन्हा मराठीत, जरा सावकाश सांगितलं. शेवटी अम्पारोने वैतागून बहिणीलाच स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. सेलेस्तिनाला तरी कुठे कळलं होतं? तिने खांदे उडवले, स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं आणि बोलता बोलता ती फ्रेंचमध्ये कधी शिरली, ते तिलाही समजलं नाही. मग दोघी कडाकडा भांडल्या. सुमेधा चहा पीत बसली. तिला फार बरं वाटलं.

मुलगा आला तेव्हा अम्पारोने त्याला बॅग पुन्हा माडीवर न्यायला लावली. मोठ्या मावशी शेवटी काय म्हणाल्या, असं सुमेधाने विचारलं, तेव्हा अम्पारोने डोळे पुसत इंग्रजीत सांगितलं.

"म्हणाली, तू गेलीस तर उरलेलं आयुष्य मला एका वेळी एकच भाषा बोलावी लागेल."