दारात आलेली गाडी

आमच्या लोकांना तोंडावर नाही म्हणता येत नाही. ही काही कौतुकाने सांगायची गोष्ट नाही, डोक्याला ताप आहे नुसता. पाहुण्याला, दुकानदाराला, अगदी मागणी घालायला आलेल्या मुलाकडच्यांनासुद्धा आम्ही हसून हो म्हणतो आणि ठरल्या वेळी जात नाही. समोरचा समजायचं ते समजतो. पुन्हा गाठ पडली की दोघंही हवापाण्यावर बोलतात, कुणाची मान खाली जात नाही. आमच्यातल्या आमच्यात हे छान चालतं. पंचाईत होते ती बाकीच्यांशी, आणि या शहरात बाकीचेच जास्त. पिढ्या गेल्या इथे, तरी आम्ही अजून 'ते लोक'च.

मी मोठ्या दवाखान्यात दुभाषी आहे. आमची म्हातारी माणसं काय म्हणतात ते डॉक्टरांना सांगायचं, डॉक्टर काय म्हणतात ते म्हाताऱ्यांना. पदरचं एक अक्षर घालायचं नाही, हा या कामाचा पहिला नियम.

रक्तदाबाच्या नव्या औषधाची चाचणी सुरू झाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता. माझे वडील जुन्या औषधाने गेले. बाकीच्यांना मानवणारा डोस त्यांना मानवला नाही, आणि का मानवला नाही ते कुणाला सांगता येईना, कारण ते औषध आमच्या माणसांवर कधी तपासलंच नव्हतं. या वेळी चाचणी घेणाऱ्या डॉक्टरबाई हट्टालाच पेटल्या, की तुमची माणसं हवीतच. बाई मनाने चांगल्या. त्या वाईट असत्या तर मला हे सांगणं सोपं गेलं असतं.

त्यांनी आमच्या आत्यालाही विचारलं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. घरी पायमशीनवर पडदे शिवते, त्यावरच तिचं एकटीचं पोट. बाईंनी सगळं नीट समजावलं, त्रास काय होऊ शकतो तेही, आणि कधीही सोडता येईल म्हणून बजावलं. आत्या गोड हसून हो म्हणाली आणि गेली नाही. पुन्हा बोलावलं. पुन्हा हो, पुन्हा गेली नाही. आमच्यातल्या बाकीच्यांचंही तेच.

बाईंना वाटलं, म्हाताऱ्यांची येण्याजाण्याची अडचण आहे. त्यांनी वरपर्यंत भांडून गाडी मिळवली. ती थेट दारात येऊन उभी राहायची आणि ड्रायव्हर खाली उतरून दार उघडून धरायचा. दारात आलेल्या माणसाला परत पाठवायचं म्हणजे आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. ती गाडीत बसली.

मी बाईंना गाठलं. म्हटलं, न येणं हेच आमचं 'नाही' असतं, आणि गाडी पाठवून तुम्ही तेच काढून घेतलंत.

"त्या माझ्यासमोर हो म्हणाल्या," बाई म्हणाल्या. "तुम्हीच तर ते मला सांगितलंत. आता तुम्ही म्हणता म्हणून मी त्यांचा शब्द खोटा धरू? मग मी त्यांना लहान मूल समजले, असं नाही होत?"

त्यांचं चुकत नव्हतं. आणि मला त्याचाच जास्त संताप येतो.

मग मी आत्याच्या मागे लागले. तिला खुर्चीत बसवलं, स्वतः डॉक्टरबाई झाले आणि तिच्याकडून नाही वदवून घ्यायला लागले. आधी ती लाजली, मग तिला हसू आवरेना. म्हणाली, ती पोर इतक्या मायेने हात हातात घेऊन विचारते, तिचं मन कसं मोडू? चाचणीच्या गोळ्यांनी डोकं हलकं होतं, सुईत दोरा ओवताना घेरी येते, हे सगळं घरी. दवाखान्यात कसं आहे विचारलं की बरं आहे. ते 'बरं आहे' मी जसंच्या तसं पोचवत होते. एकदा न राहवून घेरीचं बोलून गेले. बाईंनी लगेच आत्याला विचारलं, तर आत्या म्हणाली, छे, भाचीला उगाच काळजी. मी कपाळाला हात लावला.

पुढे एका सकाळी ती घेरी येऊन जिन्यावरून पडली. खाली गाडी उभी होती आणि ड्रायव्हरला ताटकळत ठेवायला नको म्हणून ती घाईघाईने उतरत होती. खुबा मोडला. पायमशीन आता विसरा, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं. आत्याने मान हलवली आणि भिंतीकडे बघत राहिली. मला त्या गाडीच्या काचा फोडाव्याशा वाटत होत्या.

डॉक्टरबाई खाटेशी आल्या. रडून आल्या होत्या, दिसतच होतं. म्हणाल्या, मी दर वेळी विचारत होते, तुम्ही एकदाही नको का नाही म्हणालात? मी ते आत्याला सांगितलं.

"तिला म्हणावं, मी सांगितलं होतं," आत्या म्हणाली. "बोलावलं तेव्हा आले नाही. म्हातारीने याहून मोठ्याने काय बोलायचं?"

मी शब्द न शब्द पोचवला. बाई तिच्या उशाशी बसल्या. मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, की चाचणीतून तर तुम्हाला आम्ही काढलंच आहे, पण तपासणीला घेतलेलं तुमचं रक्त जपून ठेवलेलं आहे. त्यावर पुढे तपासण्या केल्या तर तुमच्या माणसांना कुठला डोस चालेल ते कळू शकेल. वापरू का? नको असेल तर आजच्या आज टाकून देते.

आत्या हसली, तसंच गोड. "हो बाई, घ्या की."

मी बाईंकडे वळून ते सांगितलं. त्यांनी मान हलवली नाही.

"हे खरंच हो आहे का?" त्यांनी मला विचारलं. "तुम्ही सांगाल ते मी धरीन."

मी आत्याकडे पाहिलं. तिच्या मनात तिचा भाऊ असेल, तर ते हो होतं. उशाशी बसलेल्या बाईची भीड असेल, तर नव्हतं. मी याच घरात वाढलेली, तरी मला कळेना. एरवी आम्ही थांबलो असतो, ठरल्या दिवशी ती जाते की नाही ते बघितलं असतं. पण आता तिला कुठे जायचंच नव्हतं. रक्त आधीच त्यांच्याकडे होतं आणि आत्याला खाटेवरून हलता येत नव्हतं.