कमानीखाली टुक

मी गाडीच्या काचेवर चिकटवलेली डबी बोलतेय. हो, तीच. शहरात शिरताना रस्त्यावरच्या कमानीखालून गाडी गेली की कार्डातले पैसे कापून 'टुक' करते ना, ती. माझी टुक ऐकून मला चार शब्द बरे बोललाय असा माणूस अख्ख्या सिंगापुरात शोधून सापडायचा नाही. पैसे मागते ती कमान, भाव ठरवतं सरकार, भर गर्दीत गाड्या घालतात ही माणसं, आणि शिव्या कुणाला? मला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात कार्ड सरकवायची एक खाच, तोंडावर इवलीशी आकड्यांची पट्टी, बास, एवढाच माझा संसार. मला बून तेकच्या राखाडी गाडीत बसवलं. बून तेक एकतीस वर्षं इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. निवृत्त होताना त्याने ही गाडी घेतली. पहिल्या दिवशी त्याने आपल्या रुमालाने मला पुसलं आणि बायकोला म्हणाला, "पेंग, हिला इथे ऊन तर नाही ना लागणार?" तेव्हाच मी ओळखलं, माणूस मनाने चांगला आहे.

आता चांगल्या माणसालाही एखादं खूळ असतंच. शनिवारी सातच्या ठोक्याला आमच्या वाटेवरची कमान विझते. त्यानंतर शहरात फुकट जा. मग सातला दहा कमी असताना पोचलेला माणूस काय करतो? कमानीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला गाडी घेतो, दिवे लुकलुकत ठेवतो आणि घड्याळ बघत बसतो. तसं थांबायला बंदी आहे, दंडही आहे. पण एकाला बघून दुसरा, दुसऱ्याला बघून तिसरा. बघता बघता रांगच लागते. कुणी पाव खातंय, कुणी ओठ रंगवतंय, कुणी टॅक्सीवाला पाय मोकळे करतोय. त्या रांगेत आमचा बून तेक हटकून पहिला. दोन डॉलर वाचले की स्वारी अशी खूश, जसं सरकारला कुस्तीत चीत केलं! आणि मग शहरात गाडी लावायला त्याच्या सहापट मोजायचा. चार आण्याची कोंबडी न् बारा आण्याचा मसाला. पण ते त्याला कोण सांगणार?

लाय पेंग सांगायची. ती त्याची बायको. शाळेच्या उपाहारगृहात वीस वर्षं शेवया परतून तिचे हात भाजल्याच्या डागांनी भरलेले. ते काम सुटल्यावर ती वस्तीतल्या बायकांच्या गानमंडळात गेली. तालमीला ती बसने जायची, हा जायचा गाडीने मित्रांकडे. बसमध्येही कार्ड लावलं की टुक होतं म्हणे. पण त्या टुकवर कुणी चिडत नाही. नशीब एकेकीचं!

मग एकदा शहरातल्या मोठ्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम ठरला. त्यात त्योच्यू या चिनी बोलीतल्या एका जुन्या गाण्यातलं होडीवाल्याच्या बायकोचं एक कडवं लाय पेंगने एकटीने म्हणायचं होतं. एकटीने, माईकसमोर! लहानपणी घरात गुणगुणली तरी तिची आई ओरडायची, "गाणाऱ्या पोरींची लग्नं होत नाहीत." लग्न झालं, पोरं मोठी झाली, वयाची त्रेसष्ट वर्षं उलटली, आणि आता हे. महिनाभर गाडीत बसली की खिडकीकडे तोंड करून ती ओठ हलवायची, आवाज मात्र काढायची नाही. "आत्ता नाही," म्हणायची. "तिथेच ऐक." आणि हा मित्रांना फोन करकरून सांगायचा, "आमची पेंग गाणार आहे, एकटी!" इतका त्याला अभिमान होता.

कार्यक्रम शनिवारी साडेसातचा. गाणाऱ्यांनी सातला आत हजर व्हायचं होतं. आम्ही कमानीपाशी पोचलो सातला बारा कमी असताना. आणि काय सांगू, सवयीने त्याचा हात वळला. गाडी कडेला!

"तेक, हे काय?"

"बाराच मिनिटं गं. हॉल इथून दहा मिनिटांवर. सव्वासातला दारात सोडतो तुला."

"मला सातला बोलावलंय."

"बायकांच्या कार्यक्रमात काही वेळेवर झालंय का आजवर?"

तिने पट्टा सोडला. "तू असं कर, त्या कमानीशीच लग्न कर," म्हणाली आणि उतरली. अंगात जांभळा रेशमी झगा, हातात चपलांची पिशवी. तरातरा मागच्या बसथांब्यावर गेली. दोन मिनिटांत दुमजली बस आली, आपल्या राखीव पट्ट्यातून आमच्या अंगावरून सुळकन निघून गेली. कमानीखालून तीही गेलीच, पण आतल्या साठ माणसांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. लाय पेंग दांडी धरून उभी होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला वाटलं, आता तरी हा मागोमाग निघेल. पण नाही! "आता थांबलोच आहोत तर..." असं स्वतःशीच पुटपुटत बसला.

सात वाजले, कमान विझली आणि सगळी रांग एकदम सुटली. चाळीस शहाणे एकाच वेळी एकाच रस्त्यावर! मुंगीच्या पावलाने आम्ही सरकत होतो. पुढे दोन वाहनतळांवर लाल पाटी, जागा नाही. तिसरा सापडला तो पार पलीकडच्या गल्लीत. गाडीचं दार धड न लावताच बून तेक धावत सुटला. गुडघे दुखतात त्याचे, तरी धावला.

पुढचं मला परतीच्या वाटेवर कळलं. तो पोचला तेव्हा तिचं कडवं सुरू झालं होतं, आणि गाणं चालू असताना दार उघडत नाहीत. दारवानाने त्याला बाहेरच अडवलं. आतून त्याला ऐकू आल्या त्या फक्त टाळ्या.

ती मागच्या सीटवर बसली होती, टॅक्सीत बसावं तशी.

"पेंग, चुकलं माझं. पुढच्या वेळी मी दुपारपासूनच जाऊन बसतो."

"पुढची वेळ नाही. बावीस जणी आहोत. पाळीपाळीने एकेकीला एकटीचं कडवं मिळतं. माझं झालं."

"मग घरी म्हण ना. एकट्यासाठी."

"घरी मी भांडी घासते," ती म्हणाली.

त्या रात्री गाडी खाली लावून तो तसाच बसून राहिला. माझ्याकडे बघत होता. मी काय करणार? खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की त्या बारा मिनिटांत मीच आपणहून टुक करून त्याला हुसकवायला हवं होतं.

त्यानंतर तो बदलला. शनिवारी तिच्याबरोबर बसने तालमीला जाऊ लागला. ती आत गायची, हा बाहेर पायरीवर पेपर वाचत बसायचा. गाडी निघायची ती फक्त रविवारी, तिच्या बहिणीकडे जायला. त्या वाटेवर कमान नाही, त्यामुळे मी गप्प. तेव्हा गप्पा ऐकायला मिळायच्या. "काल बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली," हा फुशारकी मारायचा. "पोरांना ढकलून मिळवली, ते सांग की," ती चिडवायची. राग कधीच निवळला होता. पण त्याने कडव्याचं नाव काढलं की म्हणायची, "बघू." त्या 'बघू'चा अर्थ 'नाही' हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आठ महिने तो विचारत राहिला.

आमच्याकडे गाडीला दहा वर्षांचं आयुष्य मिळतं. पुढे हवं तर परवान्याला पुन्हा मोठी रक्कम मोजा. त्यांनी नाही मोजली. शेवटच्या तारखेला, शनिवारीच, गाडी मोडीच्या यार्डात सोडायला दोघं निघाली. यार्ड शहरापलीकडे, आठला बंद होणारं. कमानीपाशी आलो तेव्हा सातला दहा कमी होते. कडेला नेहमीची रांग लुकलुकत होती. बून तेकने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी टुकच्या तयारीत.

"थांब," लाय पेंग म्हणाली.

"कशाला? जाऊ देत ते दोन डॉलर. आज ऐटीत जाऊ."

"थांब म्हणते ना! रस्त्यात नको, त्या पेट्रोल पंपावर घे. दहा मिनिटं आहेत. कडवं तीन मिनिटांचं आहे."

त्याने गाडी आत घेतली, हवा भरायच्या नळाशेजारी लावली, इंजिन बंद केलं. तिने काचा वर केल्या. पदर नव्हता, नाहीतर सावरला असता, तसा गळा सावरला आणि गायला लागली. होडी अजून आली नाही, वारा पडलाय, भात निवतोय, असं काहीसं. आवाज दोनदा चिरकला. मी हजारो गाड्यांचा आवाज ऐकलाय, हॉर्न ऐकलेत, दहा वर्षं रेडिओ ऐकलाय. पण असं काही माझ्या कानी पडलं नव्हतं. बून तेक स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसला होता आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. पुसायचंही त्याला सुचलं नाही.

सात वाजले. कमान विझली. बाहेरची रांग भर्रकन सुटली.

"चल, सुटली कमान," ती म्हणाली.

त्याने किल्लीला हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "अजून एकदा."

ती गायली. मग आणखी एकदा. यार्डात पोचलो तेव्हा तिथला माणूस कुलूप हातात घेऊन दारात उभा होता आणि चांगलाच तडकला होता. त्याने मला काचेवरून खरवडून काढलं आणि एका खोक्यात टाकलं. आता आम्ही इथे शंभरेक डब्या आहोत, सगळ्या आयुष्यभर शिव्या खाल्लेल्या. माझी काही तक्रार नाही. ती दोघं यार्डाच्या फाटकातून बाहेर पडली, समोरच्या थांब्यावर गेली आणि घरची बस येईपर्यंत तिने त्याला एक शब्द बोलू दिला नाही. कारण तीच गात होती.