जावयाच्या रक्तातली साखर

यावर कुणाचाही विश्वास बसायचा नाही. पैज लावायची असेल त्यानं आत्ताच लावावी, मागाहून कुरकुर नको. आपल्या या डोंगरावरचा गुळव्या सुतान पामुंचाक, त्याचं रक्त एके काळी इतकं गोड झालं होतं की मनिंजाऊ तळ्याकाठचे सगळे डास चढण चढून त्याच्याच खिडकीशी जमायचे, आणि बाकीचं गाव मच्छरदाणीवाचून घोरत पडायचं. त्याच्या पायताणात मुंग्यांनी वारूळ केलं होतं. चरकाला जुंपलेला रेडा उसाचं चिपाड सोडून त्याची घामेजलेली पाठ चाटायचा. हसा, हसा. रेडा अजून जिवंत आहे, जाऊन विचारा.

पण गूळ असा की त्याला तोड नाही. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे त्याला घड्याळ सांगत नसे, जीभ सांगे. लाकडी डावाच्या टोकाला आलेला थेंब जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि म्हणायचं, "अजून रुसलाय." मग पुन्हा एक थेंब. मग आणखी एक. रस राजी होऊन करवंट्यांत ओतला जाईपर्यंत सुतानच्या पोटात अर्धी करवंटी गेलेली असायची. दवाखान्यातून साखरेवरच्या गोळ्या सुरू झाल्या, तरी जिभेचा हा धंदा सुटला नाही.

एक दिवस काहिलीशी उभा असताना त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो पुढे कलंडला. रेड्यानं जोखडासकट धाव घेऊन लुंगीचा सोगा दातांत धरला नसता, तर त्या दिवशीच्या गुळात सुतान पामुंचाकही उतरला असता.

दवाखान्यातली डॉक्टरबाई वयानं लहान, पण तोंडानं तिखट. तिनं विचारलं, "चक्कर आली तेव्हा साखर वर गेली होती की खाली?"

"ते मला काय ठाऊक? मी खाली चाललो होतो एवढं खरं."

"तेच तर! गोळी घेतलीत आणि जेवण चुकवलंत, तर साखर खाली जाते. तेव्हा चिमूटभर गूळ म्हणजे औषध. वर गेलेली असली तर तोच गूळ वैरी. तुम्हाला आतून कळणार कसं? महिन्यातून एकदा इथे येऊन भागायचं नाही. घरी यंत्र ठेवा. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, आकडा बघायचा."

"बाई, या डोंगरावर गोडी मोजायला लोक माझ्याकडे येतात."

"उसाची. रक्ताची चव घेता का?"

सुतान नुसता खाकरला आणि निघाला.

आता खरी गोम सांगायची तर यंत्राचं त्याला भय नव्हतं. आयुष्यभर उसाच्या पात्यांनी हात कापून घेतलेला माणूस, तो सुईला काय भिणार? भय होतं घराचं. आपल्याकडे घर बायकोचं, शेत बायकोचं, पोरंही बायकोच्या कुळाची. नवरा तिथे जन्मभराचा जावई. जावई म्हणजे ओंडक्यावरची राख, वारा आला की उडाली, असं म्हातारे म्हणतात ते उगाच नाही. आणि जुना रिवाज असा की जावई आजारी पडला तर त्यानं सासरच्यांना जड व्हायचं नाही. त्याच्या बहिणी येतात आणि त्याला आईच्या घरी उचलून नेतात. बाकीच्या गावांनी हा रिवाज केव्हाच गुंडाळून ठेवला. आपलं गाव हट्टी.

म्हणजे हिशेब सरळ होता. घरात यंत्र आलं की आकडा आला. आकडा आला की आजार आला. आजार आला की बहिणी आल्या. आणि सुतान पामुंचाकला बायकोच्या, नूरहायदाच्या घरातून कुठेही जायचं नव्हतं. पोरं परगावी गेली, केस पिकले, तरी तो संध्याकाळी तिच्या जिन्याशी पाय धुताना नव्या नवऱ्यासारखा घसा साफ करायचा. हे त्यानं तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं. पुरुषानं असलं बोलायचं असतं होय?

तेव्हा त्यानं ठरवलं, यंत्र नको. डॉक्टरबाईचं बोलणं पोटात ठेवायचं आणि अळीमिळी गुपचिळी.

ठेवलंही असतं. पण दुसऱ्या दिवशी तो या इथेच, आपल्या रोसमावशीच्या, एतेक रोसच्या टपरीवर आला आणि म्हणाला, "एक अंड्याचा चहा. बिनसाखरेचा."

टपरीतले पत्त्यांचे डाव थांबले. एतेक रोसच्या हातातली रवी अंड्याच्या बलकात थबकली. "सुतान, बिनसाखरेचा अंड्याचा चहा म्हणजे ऑम्लेट झालं की! बरं आहे ना तुम्हाला?"

"तोंड गोड झालंय, बदल म्हणून."

"गुळव्याचं तोंड गोड झालं? मग माशाला पाणी नको झालं म्हणायचं!"

चहा निवायच्या आत बातमी दोन टेकड्या ओलांडून त्याच्या बहिणींच्या घरी पोचली. तिथपर्यंत फोन लागत नाही म्हणतात, पण बातमीला कुठे तार लागते?

सकाळी नूरहायदाच्या दारात मालाचा छोटा ट्रक उभा राहिला. मागे गादी अंथरलेली, गादीवर आईनं भरतकाम केलेली उशी. पुढून मोठी बहीण रबियातुन उतरली, मागून धाकटी. सुतान अंगणात करवंट्या उन्हाला घालत होता.

"बुयुंग, चल," रबियातुन म्हणाली. बुयुंग म्हणजे पोरगा. सासरची माणसं त्याला मानानं सुतान म्हणायची, पण बहिणींना साठी उलटलेला भाऊही पोरगाच.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? घरी. आपल्या घरातला पुरुष दुसऱ्याच्या छपराखाली कण्हत पडलेला कुणी पाहिलाय का आजवर?"

"मी कण्हत नाही. मी करवंट्या मांडतोय."

"उलट्या मांडतोयस," धाकटी म्हणाली.

खरंच सगळ्या पालथ्या होत्या.

तेवढ्यात नूरहायदा जिन्यावर आली. तिच्यामागे तिचा भाऊ, दातुक, म्हणजे कुळाचा प्रमुख. त्याच्या संमतीवाचून त्या घरात मांजर पाळायचं नाही असा त्याचा दरारा. तो घसा खाकरून रिवाजावर बोलायला लागणार, तोच नूरहायदा थोरल्या नणंदेला ताईच्या मानानं म्हणाली, "उनी, आत या, कॉफी घ्या. गादी मात्र गाडीतच राहू दे."

"नूर, तू रिवाज जाणतेस. तुमच्यावर ओझं नको. भाऊ आमचा, रक्त आमचं."

"रक्त तुमचंच, कोण नाही म्हणतंय? पण ते गोड झालंय आमच्या गुळानं." नूरहायदा एकेक पायरी उतरत खाली आली. "या घराचं छप्पर यांनी शाकारलं. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला पाठीवर घेऊन हे दवाखान्यात गेले. पोरांच्या शाळा यांच्या काहिलीवर शिजल्या. इतकी वर्षं या घरात हे पाहुण्यासारखे वागले, एक ग्लास पाणी मोठ्यानं मागितलं नाही. आता मीच सांगते. या घरात आजारी पडायचा हक्क यांनी कमावलाय, उनी. तो मी कुणाला उचलून नेऊ द्यायची नाही."

दातुकनं वर आभाळाकडे पाहिलं, जणू रिवाज तिकडे कुठे टांगलेला आहे. मग हळूच म्हणाला, "आमच्या कुळाचा जावई आहे. साधासुधा नव्हे."

सुतान पामुंचाकनं ते ऐकलं आणि त्याची पाठ आपोआप ताठ झाली. दातुक बायकोचा भाऊ. त्याच्या तोंडून कौतुक म्हणजे रेड्याच्या तोंडून वेद.

नूरहायदा नवऱ्याकडे वळली; त्याला ती मानानं उदा म्हणायची. "आणि उदा, तुम्ही! मला डॉक्टरबाईनं बाजारात गाठून सगळं सांगितलंय. घरातून कोण कुठे जाईल ते मी ठरवलं. यंत्र घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. बोट तुमचं आहे."

"आकडा वाईट आला तर?"

"आला तर आला. जेवायला काय करायचं ते मला कळेल. चक्कर आली तर गूळ द्यायचा की हिसकावून घ्यायचा, तेही कळेल. आकडा काहीही येवो, उद्याही तुमचा दरवाजा हाच."

सुताननं एक करवंटी उचलली, सुलटी केली, पुन्हा ठेवली. दुसरी सुलटी केली. तिसरी केल्यावर म्हणाला, "घ्या."

"मग यंत्र आम्ही देणार!" रबियातुन एकदम उसळली. "भाऊ नेऊ देत नाहीस, निदान यंत्र तरी आमचं. आमचीच गाडी तालुक्याला जाईल."

"यंत्र तुमचं, घर आमचं," नूरहायदा म्हणाली. "जमलं."

आणि भावाला न्यायला आलेला ट्रक यंत्र आणायला गेला. गादी मागे तशीच होती, म्हणून यंत्र गादीवरून आलं, उशीला टेकून, नव्या नवरीसारखं. सोबतीला वाटेतली सात गावं ढोल बडवत आली, आणि—बरं, सात नसतील, पाच धरा. डॉक्टरबाई स्वतः वर आली आणि नूरहायदाला पट्टी कशी लावायची, सुई कशी बदलायची ते शिकवून गेली. शिकून झाल्यावर नूरहायदानं दातुकचं मानाचं पागोटं फळीवरून थोडं सरकवलं आणि त्याच्या शेजारी यंत्राला जागा केली. दातुक बघत राहिला. पागोट्याला शेजार मिळाला म्हणून तोही जरा फुगलाच.

मग सुतान पामुंचाक पुढे झाला. सरदारासारखा बसला, बोट पुढे केलं, नूरहायदानं टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. आकडा आला दोनशे एकाहत्तर. मोठा होता, पण घरातलं कुणी जागचं हललं नाही. सुताननं आजूबाजूला पाहिलं. सगळे तिथेच होते. धाकटी म्हणाली, "माझंही बघा की," मग रबियातुननंही बोट पुढे केलं, आणि तिचा आकडा भावापेक्षा मोठा निघाला! "ओझं नको म्हणणारी उनीच आता इथे राहते की काय!" असं नूरहायदा म्हणताच जिन्यावरची पोरंटोरंसुद्धा खिदळली.

तेव्हापासून सुतान रोज बोट देतो, रसाची चव आता भाचा घेतो, सुतान नुसता बुडबुड्यांकडे बघून "रुसलाय" म्हणतो, आणि गूळ पूर्वीसारखाच उतरतो. दवाखान्यात गेल्या खेपेला डॉक्टरबाईनं त्याची पाठ थोपटली.

पण त्या पहिल्या दिवशीची खरी मौज पुढेच आहे. सुतान कसा बसला होता? छाती पुढे, डोळे कोरडे ठक्क. आणि नूरहायदा? जन्मात जिच्या डोळ्याला कुणी पाणी पाहिलं नाही ती नूरहायदा यंत्र हातात घेऊन अशी रडली, अशी रडली, की पाण्याचा लोट जिन्यावरून खाली उतरला, अंगणातल्या करवंट्या तरंगायला लागल्या, आणि खालच्या खाचरातल्या बदकांनी—

"खोटं!" अंडी घ्यायला टपरीत आलेली नूरहायदा गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्याच्या पाठीमागून कडाडली. "मी रडले? अंगकू, पिकल्या केसांची तरी लाज धरा! रडला तो माझा नवरा. इतका रडला की पट्टीवर थेंब पडला तो बोटातला की डोळ्यातला हेच कळेना, आणि मला ती पट्टी फेकून दुसरी लावावी लागली!"