पाचवा तास

सतरा मार्चच्या रविवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, भाऊजींच्या ग्लुकोमीटरवर एकशे एकेचाळीस हा आकडा उमटला. बोटाच्या टोकावर कापसाचा बोळा दाबत त्यांनी तो दोनदा मोठ्याने वाचला आणि मैदान मारल्यासारखं मास्तरांकडे पाहिलं.

"बघ! जेवून बरोबर दोन तास झाले. लोण्यात परतलेले बटाटे, वर तळलेलं मटण, आणि हा आकडा. एरवी नुसत्या भातावर दोनशेच्या वर जात होतो की नाही मी?"

"जात होता," मास्तर म्हणाले.

"मग? साखर सोडली, भात आवरला, सुटलो! नाहीतर तू. जेवायला येतोस तोही आपलं गवत डब्यात घेऊन."

मास्तरांनी आपल्या डब्याची कडी लावली.

"तुमची प्रकृती वेगळी आहे, भाऊजी."

हे वाक्य त्यांनी घरून येतानाच बेतून आणलं होतं. त्यात खोटं म्हणावं असं काही नव्हतं, आणि त्यामुळेच ते त्यांना आवडलं होतं.

मास्तरांनी तंत्रविद्यालयात उभी हयात मापनयंत्रं शिकवण्यात घालवली होती. जाड वेष्टनाच्या टाकीत वाफ सोडली की तापमापकाचा काटा लगेच हलत नाही. उष्णता आतपर्यंत झिरपायला वेळ घेते. धीर न धरता पहिलाच आकडा टिपून मोकळा होणाऱ्या विद्यार्थ्याला ते वर्गाबाहेर उभं करीत. पुढे त्यांना स्वतःला मधुमेह झाला, तेव्हा पोटही त्याच जातीचं आहे हे त्यांनी स्वतःवर पडताळून पाहिलं. जेवणात तूप, लोणी, तेल सढळ असलं की अन्न पोटात रेंगाळतं. दोन तासांनी सुई टोचली तर रक्त सज्जनासारखं वागतं. साखर चढते ती मागाहून, चौथ्या-पाचव्या तासाला, आणि चढली की लवकर उतरत नाही. शिवाय स्निग्धाचा खरा हिशेब साखरेत नसतोच. तो हृदयाकडे जाणाऱ्या नळ्यांत चालू राहतो.

जानेवारीत भाऊजींना मधुमेह निघाला आणि रविवारी इथेच त्यांनी आपणहून मास्तरांचा सल्ला मागितला, तेव्हा मास्तरांनी त्यांना सगळं नीट समजावलं. साखर वर्ज्य, भात मोजून, रोज चालणं, जेवणानंतर दोन तासांनी तपासणी. तेलातुपाबद्दल मात्र ते चकार शब्द बोलले नाहीत. भाऊजींनी विचारलंही नाही.

मास्तरांची ताई, म्हणजे भाऊजींची बायको, चार वर्षांपूर्वी गेली. तिलाही हाच आजार होता. डॉक्टरांनी तिला तेल आणि लोणी निम्म्याहून कमी करायला सांगितलं. त्या संध्याकाळी चार पाहुण्यांसमोर भाऊजी हसत म्हणाले होते, "एका माणसासाठी दुसरी कढई कोण चढवणार? चमचाभर तेलानं कुणी मरतं होय?" पाहुणेही हसले. ताईनं त्यांच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला, आणि पुढे सगळ्यांच्याच कढईतलं खात राहिली. एका सकाळी ओट्याशी उभी असतानाच ती खाली बसली. ती पुन्हा उठली नाही. पेटती शेगडी भाचीनं बंद केली.

तेव्हापासून मास्तर भाऊजींना एकही वाकडा शब्द बोलले नव्हते. त्यांना घाई नव्हती. दर रविवारी ते यायचे, समोर बसायचे, आणि भाऊजी ताटातली तर्री पावाच्या तुकड्यानं पुसून घेताना डोळे भरून पाहायचे. जिना चढताना भाऊजींना लागणारी धाप त्यांना ऐकू यायची. दुपारी जड होणाऱ्या पापण्या दिसायच्या. घरी परतताना त्यांची चाल हलकी असायची.

भाऊजी आरामखुर्चीत कलंडले. मास्तर पेला ठेवायला स्वयंपाकघरात गेले. भाची ओटा पुसत होती. चष्म्याच्या दुकानात सहा दिवस राबून रविवारी ती बापासाठी रांधायची. शेगडीवर मोठी कढई होती. तिच्या तळाशी लोणी थिजायला लागलं होतं. शेजारी एक लहान पातेलं होतं. मास्तरांनी सहज झाकण उचललं. आत उकडलेल्या घेवड्याच्या शेंगा, गाजराच्या चकत्या, आणि तेलाचा टिपूस नाही.

"हे कुणाचं?"

"माझं."

"तू बाबांबरोबर जेवत नाहीस?"

"बसते की. ताटात काय आहे ते बघायला त्यांना वेळ कुठे असतो?"

मास्तरांनी झाकण परत ठेवलं.

"म्हणजे तुला माहीत आहे."

"आईबरोबर डॉक्टरांकडे मीच जायचे, मामा." ती फडकं पिळत होती. "तेल किती, लोणी किती, सगळं माझ्यासमोरच सांगायचे. आई वाटेत म्हणायची, घरी नको बोलूस, उगाच वाद होतो."

बाहेरच्या खोलीत भाऊजींचं घोरणं सुरू झालं. भाचीनं मोठी कढई तिरकी केली आणि थिजलेलं लोणी चमच्यानं खरवडून एका वाटीत काढलं. काम सफाईनं चाललं होतं. एक थेंब वाया गेला नाही.

"हे रात्रीच्या अंड्यांना होईल," ती म्हणाली.

"किती दिवस चाललंय हे?"

"तुझ्याइतकेच." आता तिनं वर पाहिलं. "पहिल्या रविवारी तू त्यांना सगळं समजावत होतास ना, तेव्हा मी इथे दाराआड उभी होते. म्हटलं, आता मामा तेलाचं बोलेल. मग मी लोण्याचा डबा माळ्यावर टाकणार होते. तू भातापाशी थांबलास, चालण्यापाशी थांबलास, आणि उठलास. तेव्हा मला कळलं."

"काय कळलं?"

"की मी एकटी नाही."

हे ती अगदी साधेपणानं म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. चार वर्षांत तो आटून, घट्ट होऊन, तळाशी बसला होता. मोकळ्या हातानं तिनं मास्तरांच्या शर्टाची दुमडलेली कॉलर सरळ केली.

"चहा टाकू? बिनसाखरेचा?"

ती ओठ मुडपून किंचित हसली. ताईची लेक म्हणून मास्तर आजवर त्या चेहऱ्यात ताईला शोधत आले होते. हा चेहरा ताईचा नव्हता. रोज सकाळी दाढी करताना आरशात समोर येणारा होता, आणि तो एकोणतीस वर्षांच्या मुलीच्या मानेवर बसला होता.

"नको," ते म्हणाले.

ते बाहेर येऊन भाऊजींसमोर बसले. निघायची त्यांची वेळ चारची होती. चार वाजून गेले. पाच वाजले. खिडकीतलं ऊन खुर्चीच्या पायांवरून भिंतीवर गेलं. भाची दोनदा दारात येऊन गेली. दुसऱ्या खेपेला ती तिथेच थांबली.

सहा वाजता भाऊजी जागे झाले आणि तोंडावरून हात फिरवत पुटपुटले, "डोकं नुसतं जड झालंय. अरे, तू अजून इथेच? घरातून कुणी बाहेर काढलं की काय?"

"मधे काही खाल्लंत?"

"झोपेत काय खाणार, डोंबल?"

"मग बोट द्या."

"आत्ता? ही काय वेळ आहे? मघाशीच तर झालं."

"हीच वेळ आहे. मी तुम्हाला अर्धंच शिकवलं होतं, भाऊजी."

"मामा," भाची दारातून म्हणाली. चौकटीवरची तिची बोटं पांढरी पडली होती.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी नवी पट्टी यंत्रात सरकवली आणि भाऊजींचा जाडजूड, घामेजलेला पंजा आपल्या हातात घेतला. चार वर्षांत त्यांनी त्या हाताला प्रथमच स्पर्श केला होता.

"आई गं! हळू!" भाऊजी कळवळून हसले. "सूड उगवतोयस की काय रे माझ्यावर?"

"उगवत होतो," मास्तर म्हणाले.

भाऊजी खदखदून हसले. दारात कुणी हसलं नाही. मास्तरांनी थेंब पट्टीला लावला, आणि यंत्रानं पाच मोजून होईपर्यंत तो हात सोडला नाही.

सहा वाजून दहा मिनिटं. दोनशे अठ्ठ्याऐंशी.