सीनियर डेचे पाच जण

पहिले पाच जण कोण उतरवायचे, हे कॅल्डर स्टेट कॉलेजच्या बास्केटबॉल कोचला, ग्रेडी लिंडेलला, सव्वीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. यंदा शिकवायला चौघं होते: क्रीडाविभागाचा प्रमुख ब्रेंट हॅविलँड, खेळाडूंचे करार सांभाळणारी केल्सी, एक एजंट आणि गाद्यांचा एक व्यापारी, ज्याच्या पैशावर निम्मा संघ उभा होता. पूर्वी ग्रेडी गावोगाव हिंडायचा, पोरांच्या आयांच्या स्वयंपाकघरात बसून मक्याची भाकरी खायचा आणि पोराला चार वर्षं सांभाळीन असा शब्द द्यायचा. आता पोरं दर वसंतात कॉलेज बदलत होती आणि शब्द एजंट देत होते. पोरांना पैसे मिळतात याचं ग्रेडीला मुळीच वाईट वाटत नव्हतं. त्यांच्या घामावर इतकी वर्षं इतरांनी बंगले बांधले, हे तो चारचौघांत बोलायचा. पण पगार पोरांना सुरू झाला आणि अक्कल तेवढी पैसेवाल्यांकडे कशी गेली, हे कोडं त्याला सुटत नव्हतं.

मंगळवारी केल्सी त्याच्या खोलीत आली. एकोणतीस वर्षांची, आधी बँकेत होती, कामाला चोख. बसायच्या आधीच तिनं विषय काढला.

"कोच, शनिवारी मलाकाय पहिल्या पाचात हवा."

"शनिवारी सीनियर डे आहे."

"माहीत आहे मला."

"मग कशाला विचारतेस?"

सीनियर डे म्हणजे मोसमातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. कॉलेजात चार वर्षं काढलेली पोरं आईबापांसोबत मैदानात येतात, आईच्या हाती फुलं देतात आणि पहिल्या पाचात तीच उभी राहतात, मग वर्षभर बाकावर का बसलेली असेनात. यंदा असा एकच उरला होता, टोबायस स्टेन्सरुड, आणि संघातली त्याची जागा नेमकी महागड्या मलाकायचीच होती. ना शिष्यवृत्ती, ना पगार. सरावात समोरच्या संघाच्या हुकमी खेळाडूचं सोंग घ्यायचं आणि आपल्याच लोकांचे धक्के खायचे, एवढंच त्याचं काम. चार वर्षांत खऱ्या सामन्यात तो एकूण अकरा मिनिटं खेळला होता.

"मलाकायच्या करारात कलम आहे," केल्सी म्हणाली. "मोसमातले सगळे सामने पहिल्या पाचात उतरला तर चाळीस हजार डॉलर जास्तीचे. एकही चुकला तर ते गेले. आणि कोच, त्या कागदावर तुमची सही आहे."

ग्रेडीनं चष्मा लावून कागद पाहिला. सही त्याचीच होती. ऑगस्टमध्ये सराव चालू असताना कुणीतरी गठ्ठा पुढं केला होता. वैद्यकीय तपासणीचे कागद असतील असं समजून त्यानं एका डोळ्यानं पोरांकडे बघत सह्या ठोकल्या होत्या.

"गाढवपणा माझा," तो म्हणाला. "पण उतरणार टोबायसच."

"हॅविलँडसाहेब म्हणतात, ही विनंती नाहीये. तुमचा करार एप्रिलमध्ये संपतोय."

"त्यांना सांग, मला कॅलेंडर वाचता येतं."

मलाकाय प्रूइटला त्यानं स्वतःच बोलावून सांगितलं. तीन वर्षांतलं हे त्याचं तिसरं कॉलेज. पोरगा उद्धट नव्हता, फक्त कुणावर विश्वास ठेवायचं त्यानं सोडून दिलं होतं.

"चाळीस हजार, कोच," तो म्हणाला. "माझी आई दोन ठिकाणी राबते. तुम्हाला सोपं आहे तत्त्व सांभाळणं."

"सोपं नाहीये. तुझे पैसे माझ्या सहीमुळे अडकलेत. ते तुला मिळावेत म्हणून मी भांडेन, लेखी भांडेन. पण शनिवारची जागा तुझी नाही."

"मग ऐका. सुरुवातीला बसवलंत, तर नंतर मी उठणार नाही."

"नको उठूस," ग्रेडी म्हणाला.

पोराची मात्र त्याला कीव आली. मागच्या दोन्ही कोचांनी त्याला निरोप फोनवरच धाडले होते, समोर बसवून नाही म्हणणारा त्याला हा पहिलाच भेटला होता.

शनिवारी दुपारी एक वाजता सभागृह तुडुंब भरलं. स्टेन्सरुडबाई शाळेच्या उपाहारगृहातून सुट्टी काढून आल्या होत्या आणि टँकरवाला बाप नव्या कोटात अवघडला होता. टोबायसनं आईच्या हाती फुलं दिली. ग्रेडीनं पाच नावं पेन्सिलीनं लिहून केल्सीकडे दिली, कारण यंदापासून यादी तिच्या हातून गुणलेखकाकडे जायची.

दिवे मंद झाले. निवेदकानं चार नावं पुकारली आणि मग पाचवं पुकारलं.

"मलाकाय प्रूइट!"

लोकांनी सवयीनं टाळ्या पिटल्या. टोबायस मैदानातल्या मधल्या वर्तुळाकडे निघालेला होता, तो अर्ध्यात थांबला आणि घाईघाईनं बाकाकडे वळला, जणू चूक त्याचीच होती. त्याची आई फुलं घेऊन उभीच राहिली.

ग्रेडीनं केल्सीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. "हॅविलँडसाहेबांनी नाव बदललं, कोच. मी अडवलं नाही."

"नोकरी आहे तुझी," ग्रेडी म्हणाला आणि गुणलेखकाच्या टेबलाकडे निघाला.

हॅविलँड मागच्या रांगेतून झुकला. "ग्रेडी, खाली बस. यादी गेलीये. आता नाव बदललंस तर टेक्निकल फाउल आहे. त्यांना दोन फ्री थ्रो मिळतील, चेंडू उडायच्या आधी."

"नियम मला सांगतोस?"

"ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, एवढं तरी कळतं का तुला?"

"पोळी तुझी नाहीये, ब्रेंट. या पोरांच्या जिवावर तूही खातोस आणि मीही."

त्यानं गुणलेखकाला सांगितलं, प्रूइट काढ, स्टेन्सरुड घाल. पंचानं शिट्टी वाजवली. रिकाम्या मैदानात समोरच्या संघाच्या हुलिकनं दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि घड्याळ सुरू व्हायच्या आत कॅल्डर स्टेट दोन गुणांनी मागं पडलं. गाद्यांचा व्यापारी काहीतरी ओरडला. ग्रेडीनं टोबायसच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा. हुलिक तुझा."

आणि पोरानं हुलिकला धरलंच. का नाही धरणार? आठवडाभर सरावात तो हुलिकच झाला होता. हुलिक डावीकडे खांदा टाकून उजवीकडे वळतो, थकला की चेंडू दोनदा जास्त आपटतो, हे त्याच्याइतकं सभागृहात कुणालाच ठाऊक नव्हतं. मध्यंतरापर्यंत हुलिकचे, ते फुकटचे दोन धरून, फक्त पाच गुण झाले होते. मलाकाय टॉवेल गळ्यात घालून बसला होता. ग्रेडीनं त्याला एकदाही हाक मारली नाही.

बारा मिनिटं राहिली तेव्हा मलाकाय आपणहून उठून कोचशेजारी आला.

"कोणाच्या जागी जाऊ?"

"टोबायसच्या नाही."

"त्याच्या जागी कोण मागतंय?" मलाकाय म्हणाला. "त्याला सांगा हुलिकला असाच धरून ठेव, बाकीचं मी बघतो."

बाकीचं त्यानं खरंच बघितलं, अठरा गुण टाकले. तरी कॅल्डर स्टेट एका गुणानं हरलं.

सभागृहाबाहेरच्या बोळात हॅविलँड वाटच बघत होता. "एका गुणानं, ग्रेडी. आणि दोन तू स्वतःहून दिलेस. हात दाखवून अवलक्षण." त्यानं एक छापील कागद पुढं केला. "पत्रकारांना हे वाचून दाखव. यादीत कारकुनी चूक झाली, झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे. मग एप्रिलचं बघू आपण."

ग्रेडीनं या खेपेला चष्मा लावून कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग तो घेऊन पत्रकारांसमोर जाऊन बसला. हॅविलँड दारात उभा राहिला.

पहिलाच प्रश्न आला. "कोच, त्या दोन गुणांनी सामना गेला. चूक कोणाची?"

ग्रेडीनं कागद टेबलावर पालथा घातला.

"चूक नव्हती. यंदा इथं प्रत्येक गोष्टीची किंमत विचारतात, म्हणून सांगतो. चार वर्षं फुकट मार खाल्लेल्या पोराची जागा चोरली होती, ती मी परत घेतली. दोन गुण पडले." तो दाराकडे बघून म्हणाला, "स्वस्तात मिळाली. नोकरी मागितली असती, तरी दिली असती."