दोन काठांचे दोन परवाने

नदीला काय कळतंय कुठलं राज्य कुठे संपतं! पण सरकारला कळतं. हद्द पाण्याच्या मधोमध, म्हणून अलीकडचा मासेमारीचा परवाना वेगळा आणि पलीकडचा वेगळा. होडी जरा वाहत गेली की पहिला कागद रद्दी.

बाबांना एक मासा धरायचा होता. स्वतःच्या हाताने, एकच. त्यांचा उजवा हात वर्षभर थरथरतोय. पुढच्या वर्षी चमचासुद्धा धरवणार नाही, असं डॉक्टर तोंडावर बोलले. बाहेर आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "एकदा नदीवर जाऊन येऊ." झालं! माझ्या पायाला भिंगरी लागली. कुलपांच्या किल्ल्या बनवायचं माझं दुकान, त्याला सकाळीच कुलूप घातलं आणि निघाले.

अलीकडच्या कचेरीतल्या बाईंना बाबांचा चष्म्याशिवायचा फोटो हवा होता. "अहो, मासे काय चेहरा बघून गळाला लागतात?" मी विचारलं. बाईंना हसू आलं नाही. नवा फोटो काढून आणला, शिक्का घेतला, पूल ओलांडला. पलीकडचा कारकून जेवायला गेलेला. तासभर मी बाकावर नुसती उठबस केली. आला, शिक्का मारला आणि वर नवीनच ऐकवलं, "आमच्याकडे उलटा काटा असलेला गळ चालत नाही." उलटा काटा म्हणजे गळाच्या टोकामागचा तो बारीक दात, जो माशाला सुटू देत नाही.

गळ विकणाऱ्या दुकानदाराकडे बिनकाट्याचा गळ नव्हता. "कोण घेणार तो? दोरा सैल पडला की मासा पसार!" मी साधाच घेतला. काठी, रीळ, दोरा घेतला, माझं दुकान उघडून गळ शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळला आणि किल्ल्यांच्या कानशीने तो दात घासून टाकला. तेवढं एक काम दिवसभरात माझ्या मर्जीने झालं.

चार वाजता एकदाचे होडीत बसलो. मी वल्ह्यांवर, बाबा काठी घेऊन.

"तुझा परवाना?" बाबांनी विचारलं.

"मला कशाला? मी होडी चालवणार."

मध्यावर पलीकडची गस्तीची होडी आडवी आली. गस्तवाल्याने कागद उलटेपालटे करून पाहिले. "काकांचं ठीक आहे. बाई, तुम्ही काठीला हात लावायचा नाही. लावलात तर सगळं जप्त." आणि शहाणा तिथेच थांबला.

तासभर काही नाही. "बाबा, जरा पुढे नेऊ? आमिष बदलू का?" मी दहादा विचारलं.

"गप्प बस गं! माझ्या हातापेक्षा तुझंच थरथरणं जास्त आहे."

तेवढ्यात काठी वाकली. बाबा ओढायला लागले, पण हाताच्या प्रत्येक झटक्याला दोरा सैल पडत होता. आता जातो, आता जातो! "हात, अगं हात!" बाबा ओरडले. मी वल्ही टाकली आणि झेपावले.

"बाई!" गस्तवाला उठून उभा राहिला.

"काठी बाबांनी धरलीय. मी बाबांना धरलंय!"

खरंच, माझी बोटं काठीला लागली नव्हती. दोन्ही हातांनी मी त्यांचा हात आवळला होता. किती हाडं लागत होती हाताला! दोरा ताठ राहिला. बाबांनी डाव्या हाताने रीळ फिरवलं, थांबत थांबत, आणि वीतभर मासा होडीत येऊन आपटला.

बाबांना धाप लागली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गस्तवाल्याला विचारलं, "मीच धरला ना?"

गस्तवाल्याने आमच्या हातांकडे पाहिलं. मग वही काढली. "तुम्हीच, काका. नाव सांगा, लिहून घेतो."

बाबांनी आपलं नाव सांगितलं, मोठ्याने, आडनावासकट. मला रडू फुटलं. मासा धरून झाला होता, तरी त्यांचा हात मला सोडवेना.