हितं वाट हाय

भिंतीवर लिहायची खोड माणसाला पहिल्यांदा कधी लागली ते देवाला ठाऊक. नांदे गावच्या कुशाबाला ती तिसरीत लागली. चुलीतला कोळसा उचलून त्यानं चावडीच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर लिहिलं, "कोंडिबा गाढव हाय." कोंडिबा त्याचा जिवलग दोस्त, आदल्या दिवशी गोट्या घेऊन पळालेला. मास्तरांनी कुशाबाला फोडून काढलं, पण ते गाढवासाठी नव्हतं. "हाय काय, हाय? आहे लिही!" म्हणत त्यांनी छडी ओढली. कोंडिबाचं गाढवपण त्यांना मान्यच असावं.

त्या छडीनं कुशाबा पेंटर झाला. पुढं साऱ्या मुळशी तालुक्यात त्याचं शुद्ध अक्षर गाजलं. गेरूनं त्यानं कुटुंबनियोजन लिहिलं, निवडणुकीतली चिन्हं रंगवली, लग्नघराच्या दाराशी गणपती काढून नवरानवरीची नावं घातली. गोठ्यांच्या भिंती खताच्या जाहिरातींनी भरल्या. जन्मभर लोकांचं म्हणणं लिहिलं. त्या कोळशाच्या ओळीनंतर स्वतःचं असं एक अक्षर लिहिलं नाही. मग फ्लेक्स आले. गॉगलवाले वाढदिवस चौकाचौकात लटकले आणि कुशाबाचे ब्रश माळ्यावर गेले.

उरली ती ओढ्यापलीकडची भाताची खाचरं. तिकडं जायची गाडीवाट कोंडिबाच्या रानातून होती. २००६ साली कोंडिबानं ते रान एका बांधकाम कंपनीला विकलं, आणि विकताना लिहून दिलं की रानातून कुणाची वाट नाही. कंपनीनं भिंत घातली. वाटेपुरती फट उरली होती, तीही आता बुजायची होती. फट बुजली की खाचरं असून नसल्यासारखी, मग झक मारत त्याच कंपनीच्या घशात घालायची. हे गावात सगळ्यांना कळत होतं. बोलत कुणी नव्हतं, कारण अर्ध्या गावाची रानं विकायच्या रांगेत उभी होती. कुशाबानं पौडच्या तहसील कचेरीचे उंबरे झिजवले. तिथं एकच उत्तर, "मूळ मालकच वाट नाही म्हणतोय."

अशात कंपनीचा साहेब ऋषिकेश त्याच्या दारात आला. परभणीकडचा, किडकिडीत, बोलायला गोड. म्हाताऱ्याची खाचरं भिंतीपलीकडं आहेत याचा त्याला पत्ता नव्हता. पेंटर एवढंच त्यानं ऐकलेलं.

"काका, आमच्या भिंतीवर लिहून द्याल? 'येथे रस्ता नाही.' मोठ्या अक्षरात. फ्लेक्स लावला की लोक फाडतात हो."

"देतो की," कुशाबा म्हणाला.

साहेब गेल्यावर रत्नाबाई, त्याची बायको, शेणाच्या हातांनीच बाहेर आली. "आपल्याच हातानं आपलीच वाट बुजवणार तुमी? लाज न्हाई वाटत?"

"रंग त्यांचा, भिंत त्यांची. हात कुणाचा गं?" असं म्हणून त्यानं माळ्यावरचे ब्रश खाली काढले. रत्नाबाई हात धुऊन गुरं सोडायला गेली.

चांगलं ऊन वर आल्यावर कुशाबा शिडी घेऊन भिंतीशी पोचला. फटीशी गवंडी विटा रचून बसले होते. बघ्यांची ही गर्दी! पेंटर कंपनीच्या दावणीला बांधला गेला म्हणून दोघंतिघं थुंकले. कोंडिबाही आला होता, नव्या जीपला टेकून उभा. कुशाबानं सुतळीला नीळ लावली, भिंतीवर ताणून टिचकी मारली आणि सरळ ओळ उमटवली. मग ब्रश बुडवला.

"हितं" झालं. ऋषिकेश फोनवर बोलत होता. "वाट" झालं. पुढं हातानं सवयीनं "आ" ओढला, जन्माची सवय ती. कुशाबा थांबला. त्याला मास्तरांची छडी आठवली आणि असा काही राग आला, की त्यानं ओला "आ" बाहीनं पुसून टाकला. त्या जागी पुरुषभर उंच अक्षरांत लिहिलं, "हाय".

ऋषिकेश धावत आला. "काका! हे काय लिहिलंत? आणि हितं, हाय... अहो, मराठी तरी नीट लिहा!"

"माज्या आज्यानं ही वाट पाडली तवा त्यो हायच म्हणायचा, साहेब. वाटंला तुमचं 'आहे' ठावं न्हाई."

"पुसा ते आधी!"

"पुसा की तुमी. मी उद्या परत लिवीन. तुमचा चुना सरंल, माजा हात न्हाई थकायचा."

ऋषिकेशनं घाम पुसला आणि जीपकडं वळून विचारलं, "कोंडिबाराव, तुम्हीच सांगा यांना. इथं वाट आहे का?"

सगळी गर्दी कोंडिबाकडं वळली. कोंडिबा जीपचं दार उघडायला वळला. कुशाबानं काही शिवीगाळ केली नाही. शिडीवरून उतरला, आणि मोठ्या ओळीखाली सावकाश एकच शब्द लिहिला, "कोंडिबा".

गावातली म्हातारी माणसं खुदखुदली. पुढं काय यायचं ते त्यांना पाठ होतं. कुशाबानं ब्रश कोंडिबापुढं धरला.

"फुडचं तू लिव."

कोंडिबाचं तोंड लालबुंद झालं. आता हा मारतो की काय, असं लोकांना वाटलं. त्यानं ब्रश हिसकावला, पांढऱ्या सदऱ्यावर रंगाचे शिंतोडे उडाले. वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यानं ओळ पुरी केली.

"कोंडिबा गाढव व्हता."

कुणीच हसलं नाही. ब्रश डब्यात टाकून कोंडिबा साहेबाला म्हणाला, "वाट हाय. मी खोटं लिवून दिलं व्हतं. उद्या पौडला जाऊन खरं लिवून देतो, काय करायचं ते करा माजं."

तेवढ्यात मागून घुंगरमाळा वाजल्या. रत्नाबाई गुरं घेऊन आली होती. "सरका," ती गवंड्यांना म्हणाली, आणि त्यांनी विटा बाजूला केल्या.